पुढच्या चाकाचा हब बदलायचा की नुसतं बेअरिंग? कामाची पद्धत आणि गॅरेजचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या हॅचबॅकचा पुढचा डावा हब बदलला. व्हिडिओत हात दिसतात, पण हाताच्या मागचा विचार दिसत नाही, आणि हिशोब तर अजिबात दिसत नाही. तो इथे मांडतो. ज्यांचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे किंवा जे लवकरच टाकणार आहेत, त्यांनी शेवटचा भाग नक्की वाचा. ज्यांची फक्त गाडी आहे, त्यांनाही मेकॅनिकला काय विचारायचं ते कळेल.

आधी माझी एक चूक सांगतो.

माझं स्वतःचं गॅरेज होतं तेव्हाची गोष्ट. एक शिक्षक गाडी घेऊन आले. गाडी दहा-बारा वर्षांची, पुढच्या डाव्या चाकातून घूं-घूं आवाज. उघडून बघितलं तर बेअरिंग गेलेलं. हबवर जिथे बेअरिंगची आतली रिंग बसते तिथे नखाला लागेल अशी खाच होती. मी मनात म्हटलं, सर पगारदार माणूस, महिनाअखेर आहे, कशाला हबचा खर्च सांगायचा? पॉलिश पेपर मारला, नवीन बेअरिंग दाबून बसवलं, गाडी दिली. सर खूश, मी पण खूश.

तीन आठवड्यांनी सर परत आले. आवाज परत चालू, आणि या वेळी चाक हाताला हलत होतं. घरच्यांना घेऊन ते घाट उतरून आले होते. मी सांगितलं, "सर, हब पण झिजलाय, तो बदलावा लागेल." ते म्हणाले, "अहो, मग तेव्हाच विचारायचं ना मला! मी नाही म्हटलं असतं का?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिऱ्हाइकाच्या खिशाचा निर्णय मी माझ्या मनात घेऊन टाकला होता, आणि तोही त्याला न सांगता. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर आहे. हब मोजायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा, मग विचारायचं.

हब म्हणजे नेमकं काय?

पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे घरोघरी आल्या त्या १९८३ साली मारुती ८०० आल्यानंतर. त्याआधीच्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जायची. पुढच्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंग असायची. ती उघडून धुवायची, ग्रीस भरायचं, नट आवळून प्ले जुळवायचा, की झालं काम. जुने मिस्त्री हे काम झोपेतही करतील.

पुढच्या चाकावर चालणाऱ्या बहुतेक जुन्या हॅचबॅकमध्ये रचना वेगळी आहे. स्टिअरिंग नकल हा मोठा ओतीव भाग फिरत नाही. त्याच्या भोकात बेअरिंग घट्ट दाबून बसवलेलं असतं. बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये हबची दांडी दाबून बसवलेली असते. हबच्या पोटात स्प्लाइन, म्हणजे खाचा असतात, त्यात ड्राइव्ह शाफ्ट जातो, आणि बाहेरून एक मोठा नट सगळं एकत्र आवळून धरतो. हबच्या बाहेरच्या चकतीवर डिस्क आणि चाक बसतं.

म्हणजे इंजिनची ताकद, गाडीचं वजन, ब्रेकचा झटका आणि खड्ड्याचा मार, हे सगळं हबमधून जातं. इथे ग्रीस भरून काम भागत नाही. बेअरिंग सीलबंद असतं. गेलं की बदलायचंच.

नंतरच्या अनेक गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्रच येतं, तीन-चार बोल्ट काढले की अख्खं युनिट बदलता येतं. तिथे "हब की बेअरिंग" हा प्रश्नच उरत नाही. आपण बोलतोय ते दाबून बसवायच्या जुन्या पद्धतीबद्दल, कारण चुका तिथेच जास्त होतात.

आधी खात्री करा, मगच पाना उचला

आवाज आला की लगेच बेअरिंग असं समजू नका. पाच तपासण्या करा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

१. गाडी चालवून बघा. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून इंजिन खाली आणलं तरी आवाज तसाच राहतो. टायरचा आवाज मात्र रस्ता बदलला की बदलतो. डांबरीवरून सिमेंट रोडवर गेलात की फरक लगेच कळतो.

२. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावी-उजवीकडे वळवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा डावं बेअरिंग दोषी असतं. आणि पूर्ण वळणावर टक-टक आवाज आला तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट, हब नाही.

३. चाक उचलून हाताने फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये करकर हाताला जाणवते. कानाला फसवता येतं, हाताला नाही.

४. चाक वर-खाली धरून हलवा. मग डावी-उजवीकडे धरून हलवा. फक्त डावी-उजवीकडे प्ले असेल तर आधी टाय रॉड एंड बघा.

५. वर-खाली प्ले असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एकमेकांना धरून ठेवले. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा भाग.

ही पाचवी युक्ती पोरांना शिकवाच. चांगलं बेअरिंग काढून फेकल्यावर बॉल जॉइंटचा प्ले सापडला, तर तो खर्च कोणाच्या नावावर टाकणार?

काम कसं करायचं

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. चाकाचे नट थोडे ढिले करा. मधल्या मोठ्या नटची दाबलेली कड छिन्नीने सरळ करा, पिन असेल तर ती काढा, आणि तो नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा. जुनं बेअरिंग तसंही फेकायचं आहे, त्यामुळे इथे चालतं. पण नट ढिला केल्यावर गाडी इंचभरही ढकलायची नाही.

जॅक लावा, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम करणाऱ्याला माझ्या ट्रेनिंगमध्ये जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

चाक काढा. कॅलिपर सोडवा आणि तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, पाइप आतून चिरतो आणि बाहेरून दिसत नाही. डिस्क काढा. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने धरलेली असते, तिथे ती हबबरोबरच बाहेर येते. आपल्या कोकणातल्या गाड्यांत डिस्क गंजून हबला चिकटलेली असते. रस्ट स्प्रे मारा, वाट बघा, घाई करू नका.

टाय रॉड एंड आणि खालचा बॉल जॉइंट पुलरने सोडवा. थेट आट्यांवर हातोडा मारू नका. स्ट्रटचे दोन बोल्ट काढण्याआधी रंगाने खूण करा, म्हणजे बसवताना चाकाचा कल फार बदलणार नाही. ड्राइव्ह शाफ्ट हबमधून आत ढकलून सोडवा. बाहेर ओढू नका. ओढला तर आतला जॉइंट सुटतो, आणि काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल खाली येतं.

आता नकल टेबलावर आला. प्रेसवर हब दाबून बाहेर काढा. बहुतेक वेळा बेअरिंगची अर्धी आतली रिंग हबवरच अडकून राहते. ती पुलरने काढा. ग्राइंडर लावायचाच असेल तर रिंग पूर्ण कापायची नाही. थोडी जाडी ठेवून छिन्नीने तडकवायची. डोळ्यावर गॉगल हवाच, कारण ही रिंग काचेसारखी तुटते. ग्राइंडर हबच्या दांडीला लागला तर हब गेला. गॅस टॉर्चने हब तापवून रिंग काढायचा शॉर्टकट नको, कडक केलेलं लोखंड मऊ पडतं. मग सर्क्लिप काढा आणि नकलमधून जुनं बेअरिंग दाबून बाहेर काढा.

इथे थांबा. हब तपासा.

हीच ती जागा जिथे मी चुकलो होतो. हब स्वच्छ पुसा आणि चार गोष्टी बघा.

पहिली, दांडी. जिथे आतली रिंग बसते तिथे नख फिरवा. खाच, पायरी, ओरखडे किंवा निळसर डाग दिसले म्हणजे रिंग हबवर फिरत होती आणि तापत होती. मायक्रोमीटरने दोन-तीन जागी मापून बघा. नवीन रिंग तिथे घट्ट बसणार नाही. पॉलिश पेपर मारला तर दांडी अजून बारीक होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसरी, स्प्लाइन. दात झिजून टोकदार झालेत का? गिअर टाकून गाडी सोडताना "टक" आवाज येत असेल तर हेही एक कारण असतं.

तिसरी, बाहेरची चकती. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत ती वाकलेली असू शकते. हे डोळ्याला दिसत नाही, डायल गेजला दिसतं. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये इथली मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्याशा फरकाने काय होतं? डिस्कच्या कडेला तो फरक वाढतो, काही महिन्यांत डिस्क कमी-जास्त जाडीची होते आणि ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मग गिऱ्हाईक डिस्क बदलत राहतं आणि दोष हबचा असतो.

चौथी, चाकाचे स्टड. आटे गेलेत का, भोक ढिलं झालंय का?

नकलचं भोकही बघा. तिथे बाहेरची रिंग फिरल्याच्या खुणा असतील तर नकलसुद्धा बदलावा लागतो. फटीत पत्र्याचा तुकडा किंवा चिकट सोल्युशन भरून बेअरिंग बसवणारे महाभाग आहेत. आपण त्यातले नाही.

या चारपैकी एक जरी गोष्ट नापास झाली, तर लगेच फोटो काढा आणि गिऱ्हाइकाला फोन करा. बेअरिंग बसवल्यावर सांगायचं असं हे काम नाही.

दाबण्याचे दोन नियम

हे दोन नियम मोठ्या अक्षरात लिहून प्रेसच्या वर चिकटवा.

एक: बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर.

दोन: हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या रिंगला खालून आधार.

असं का? चुकीच्या रिंगवर जोर दिला तर तो जोर मधल्या गोळ्यांमधून जातो. गोळ्या रिंगवर बारीक खळगे पाडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून मरायला लागतं. मग आपण म्हणतो, "माल डुप्लिकेट होता." डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण प्रत्येक वेळी मालाचा दोष नसतो.

तुमच्याकडे प्रेस नसेल आणि लेथवाल्याकडे पाठवत असाल, तर नकल पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. स्वतः जा, कोणत्या रिंगवर जोर द्यायचा ते बोलून घ्या. हातोड्याने ठोकून बसवणार असेल तर नकल घेऊन परत या.

नकलचं भोक साफ करा, बेअरिंग सरळ बसतंय ना बघा, सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली पाहिजे. गाडीला एबीएस असेल तर अनेक बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी, आणि ती चुंबकापासून आणि घाणीपासून जपायची. उलटं बसवलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं परत खोला.

जोडणी आणि शेवटचा नट

उघडलं त्याच्या उलट क्रमाने जोडत या. पिन नवीन वापरा. मधला नटही नवीनच. त्याची कड एकदा दाबली आणि सरळ केली की तिच्यावर परत भरवसा नाही.

हा नट फक्त शाफ्ट धरायला नाही. तो बेअरिंगच्या आतल्या रिंगचे दोन भाग एकमेकांवर आवळून धरतो. कमी आवळला तर प्ले येतो, वजन येताच बेअरिंग खराब व्हायला लागतं. म्हणून चाक हवेत असताना, मदतनिसाला ब्रेक दाबायला लावून, टॉर्क पान्याने आवळायचा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण १५० ते २५० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण अंदाज चालत नाही. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा बघून भिंतीवर लिहून ठेवा. इम्पॅक्ट गनने "टर्रर्र" करून सोडून देणं म्हणजे आकडा देवावर सोडणं. आवळल्यावर नटची कड खाचेत दाबायला विसरू नका.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल दोन-चार वेळा दाबून घट्ट करून घ्या. कॅलिपरचा पिस्टन मागे गेला असेल तर पहिलं पेडल रिकामं जातं, आणि समोर भिंत असते! मग ट्रायल, मग व्हील अलाइनमेंट. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत तपासायला गिऱ्हाइकाला बोलवा.

आता हिशोब

आकडे फक्त उदाहरणासाठी घेतोय, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा बेअरिंग ९०० रुपयांना विकलं, त्यात तुम्हाला १५० सुटले. मजुरी १,२००. काम तीन तासांचं. हातात आले १,३५०, म्हणजे तासाला ४५० रुपये.

आता हब खराब असताना नुसतं बेअरिंग टाकलं आणि गाडी परत आली. दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही, म्हणजे दुसरं बेअरिंग तुमच्या खिशातून, ७५० रुपये. अलाइनमेंट परत, समजा ३००. आणि परत तीन तास फुकट. १,३५० मधून १,०५० गेले, उरले ३००. सहा तासांचे ३००, म्हणजे तासाला ५० रुपये! पोराचा पगार आणि जागेचं भाडं यात धरलेलंच नाही. त्या तीन तासांत दुसरी गाडी झाली असती, ती पण गेली.

आणि ज्याचा आकडा काढता येत नाही ती गोष्ट वेगळीच. गिऱ्हाईक बाहेर जाऊन काय सांगतं?

म्हणून अंदाजपत्रक देताना पहिल्यांदाच दोन आकडे द्या. "साहेब, नुसतं बेअरिंग गेलं असेल तर एवढे. उघडल्यावर हब झिजलेला निघाला तर एवढे. उघडल्यावर मी फोटो पाठवतो, मग तुम्ही सांगा." हे वाक्य तोंडपाठ करा. उघडल्यावर वाढलेलं बिल म्हणजे फसवणूक वाटते. आधीच सांगितलेला दुसरा आकडा म्हणजे अनुभव वाटतो.

गिऱ्हाईक म्हणालं, "हब नको, सध्या चालवू द्या," तर? दांडी झिजलेली असेल तर मी ते काम करत नाही, स्पष्ट सांगतो. चाकाशी खेळ नाही. पैशांची अडचण असेल तर दोन हप्त्यांत घ्या, पण हब बसवूनच गाडी सोडा.

"दुसरी बाजू पण बदलू का?" असं विचारलं तर खरं सांगा. दुसऱ्या बाजूला आवाज नाही, प्ले नाही, तर बदलायची गरज नाही. या एका "नाही"मुळे तुमच्या पुढच्या दहा "हो"वर तो विश्वास ठेवेल.

बिलावर पार्टचा नंबर, गाडीचे किलोमीटर, तारीख आणि वॉरंटी लिहा. जुना हब आणि बेअरिंग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. फिरवून बघू द्या, करकर ऐकू द्या. त्याला आपलं शास्त्र कळत नसेल, पण खाच नखाला लागते.

ते सर पुढे किती तरी वर्षं माझ्याकडेच गाडी आणायचे. दुसऱ्या वेळचं काम मी फुकट केलं, फक्त हबचे पैसे घेतले, आणि चूक माझी होती हे त्यांना तोंडावर सांगितलं. गिऱ्हाईक चूक माफ करतं, लपवालपवी करत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तीन मॉडेल घ्या, मॅन्युअलमधून मधल्या नटचा टॉर्क शोधा आणि कागदावर लिहून प्रेसजवळ लावा. लावल्यावर फोटो कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत बॉल जॉइंट बघू.

भेटू लवकरच. हात सांभाळा, नाव सांभाळा!